खोली, डबा आणि जूनचा महिना

सकाळी सात ते साडेनऊच्या दरम्यान तासगावच्या एसटी स्टँडवर सांगलीच्या गाडीसाठी थांबलेली गर्दी नीट पाहिली, की 'घर' हा या अंकाचा विषय तिथंच समोर उभा राहतो. पाठीला सॅक, हातात कापडी पिशवीतला डबा, खिशात पास. गाडी कवठे एकंद, कवलापूर, बुधगाव, माधवनगर करत पंचवीसेक किलोमीटरवरच्या सांगलीत पोचते. तिथून कुणी कुपवाडच्या एमआयडीसीत जातं, कुणी मिरजेच्या दवाखान्यात, कुणी गणपती पेठेतल्या पेढीवर, तर कुणी विश्रामबागेतल्या दुकानात. दिवेलागणीला हीच माणसं परत. यांना सगळे 'अप-डाउनवाले' म्हणतात. पगार दहा-पंधरा हजारांच्या आसपास, वय विशी-तिशीतलं, आणि घरात कधी ना कधी निघालेला विषय एकच: तिकडंच एखादी खोली घ्यावी का? त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच: पण परवडणार आहे का?

हा दुसरा प्रश्न बहुतेक घरांत चुकीच्या रीतीनं सोडवला जातो, असं मला वाटतं. पगार किती, भाडं किती, वजाबाकी करा, उरलं तर जा. मुलं या वजाबाकीवर विसंबून बाहेर पडतात आणि सहा महिन्यांत सामान टेम्पोत घालून परत येतात. वडीलधारी माणसं हीच वजाबाकी करून 'जमणार नाही' म्हणतात, आणि ज्याला खरोखर जमलं असतं तोही वर्षानुवर्षं गाडीत झोपा काढत राहतो. भाडं डोळ्यांसमोर असतं म्हणून ते मोठं वाटतं. निकाल मात्र दुसऱ्याच दोन गोष्टींवर लागतो. घर आजवर विनापावती काय काय देत होतं ही एक, आणि वर्षातल्या नेमक्या कुठल्या महिन्यात पैसा तुटतो ही दुसरी. पगारपत्रकात यातली एकही दिसत नाही.

तीस टक्क्यांची मोजपट्टी

पैशाचं नियोजन शिकवणारे सर्रास एक नियम सांगतात: भाडं उत्पन्नाच्या तीस टक्क्यांच्या आत ठेवा. हा नियम कुठून आला ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत सरकारी घरांत राहणाऱ्या गरीब भाडेकरूंकडून किती भाडं घ्यावं, याची मर्यादा 1969 मध्ये उत्पन्नाच्या पंचवीस टक्क्यांवर बांधली गेली आणि 1981 मध्ये ती तीस टक्के झाली. म्हणजे सरकारनं भाडेकरूकडून जास्तीत जास्त किती उकळावं, त्याची ती हद्द होती. माणसानं सुखानं जगण्यासाठी किती खर्च करावा याचं ते माप कधीच नव्हतं. ते पुढं जगभर फिरलं आणि आता आपल्याकडची मुलंही मोबाईलवर तेच वाचतात.

आपल्याकडं या मापानं भलताच दिलासा मिळतो. सांगली-कुपवाडची साधी खोली तीस टक्क्यांत बसू शकते, म्हणून परवडते असं वाटतं. पण मध्यम आणि गरीब घराचा मोठा खर्च पोटाचा असतो. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या कौटुंबिक खर्च पाहणीत देशातल्या ग्रामीण माणसाच्या मासिक खर्चातला सुमारे 47 टक्के वाटा अन्नाचा निघाला, शहरी माणसाचा जवळपास 40 टक्के. उत्पन्न जितकं कमी तितका अन्नाचा वाटा जास्त, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यानं 1857 मध्येच दाखवून दिलं होतं. तेव्हा तीस टक्के भाड्याला गेले तरी पुढं भाकरीचा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि एकट्याची भाकरी महाग पडते.

ती किती महाग, याचाही एक ठोकताळा अर्थशास्त्रात आहे. घरातल्या माणसांच्या संख्येचं वर्गमूळ काढायचं. चार माणसांच्या घराला एकट्याच्या चौपट लागत नाही, साधारण दुप्पट लागतं, कारण एकच दिवा, एकच गॅस, एकच फोडणी सगळ्यांना पुरते. पाच जणांच्या घराचा खर्च या मापानं सव्वादोन पट. त्यातला एक जण वेगळा राहिला की उरलेल्या चौघांना दोन आणि त्याला एक, मिळून तीन. माणसं तेवढीच, तोंडं तेवढीच, पण एकूण खर्च तिसऱ्या हिश्शानं वाढला. हा ठोकताळा आहे, तराजू नव्हे. तरी 'वेगळी चूल मांडली' म्हटल्यावर जुन्या बायकांच्या कपाळाला आठी का पडायची, ते यातून कळतं.

हातात येतं ते

पगाराचा आकडा सांगताना मुलं बहुधा कामावर ठरलेला आकडा सांगतात. समजा तो पंधरा हजार आहे. मूळ वेतन बारा हजार धरलं तर बारा टक्क्यांनी भविष्यनिर्वाह निधीचे 1,440 कापले जातात, ईएसआयचे पाऊण टक्क्यानं 113 आणि व्यवसाय कराचे 200. हातात उरतात 13,247. मुलगी असेल तर महाराष्ट्रात पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर महिलांना व्यवसाय कर नाही, म्हणून तिच्या हातात दोनशे जास्त. हिशोब इथून सुरू करावा. मात्र जिथं ही कपात होते ती नोकरी, कापल्याशिवाय पूर्ण रोख देणाऱ्या नोकरीपेक्षा वेगळं राहणाऱ्याला जास्त आधाराची आहे. ईएसआयची हप्त्यांची अट पूर्ण झाली असेल, तर आजारपणात पगाराच्या सत्तर टक्के रक्कम 91 दिवसांपर्यंत मिळू शकते. खोलीत एकट्यानं तापानं फणफणत पडलेल्या माणसाला महिन्याचे शंभर-सव्वाशे रुपये कापल्याचं वाईट वाटणार नाही.

घर पावती देत नाही

रविवारी संध्याकाळी याच स्टँडवर सांगलीच्या दिशेनं निघालेली दुसरी गर्दी पाहावी. शहरात खोली घेतलेली, 'वेगळी राहणारी' मुलं शनिवारी गावी आलेली असतात आणि आता परत निघालेली असतात. त्यांच्या पिशव्यांची तोंडं सैल असतात. एकीत शाळूचं पीठ, एकीत शेंगा, प्लास्टिकच्या बरणीत कांदा-लसणाची चटणी, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या कडक भाकऱ्या, ताकासाठी विरजण. ही चटणी उन्हाळ्यात वर्षाची करून ठेवलेली असते. मिरच्या वाळवायच्या, देठं काढायची, खोबरं-लसूण-कांदा भाजायचा, डंकावरून कांडून आणायचं. या चटणीत घरातल्या दोन बायकांचे तीन-चार दिवस गेलेले असतात. खोलीवरच्या मुलाच्या हिशोबाच्या वहीत तिच्यापुढं शून्य असतं.

यात लाजण्यासारखं काही नाही. उलट ही आपल्याकडची फार जुनी आणि शहाणी व्यवस्था आहे. तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या पोरासाठी घरून एसटीत ठेवलेला डबा महाराष्ट्रातल्या पिढ्यान् पिढ्यांनी खाल्ला आहे. गाडीच्या पुढच्या बाजूला नाव घातलेल्या डब्यांची रांग हा अनेक मार्गांवरचा ओळखीचा देखावा होता. आपण स्वतंत्र झालो असं मानणाऱ्यानं एवढंच करावं, की त्या पिशवीतल्या प्रत्येक वस्तूला बाजारभाव लावून बघावा. पीठ, चटणी, शेंगा, दूध, महिन्यातून चार-पाच दिवसांचं जेवण, धुऊन आलेली चादर. ती बेरीज खोलीच्या भाड्याइतकी झाली तर नवल वाटायला नको. मग एक सरळ प्रश्न उरतो: ही पिशवी उद्या बंद झाली तर? घरी भांडण होईल, आई थकेल, म्हैस आटेल, दुष्काळात शाळू होणार नाही. पिशवीच्या भरवशावर घेतलेली खोली ही घराचीच लांबवलेली पडवी असते. ते चालेल, पण ते माहीत असलं पाहिजे.

पिशवीशिवाय राहायचं तर खानावळ आली. महिन्याची मेस लावली की 'खाडे' किती धरणार हे आधी विचारावं. गावी गेलेल्या दिवसांचे पैसे सहसा वजा होत नाहीत आणि रविवारी संध्याकाळी मेस अनेकदा बंदच असते. स्वतः करून खायचं तर गॅस. घरच्या पत्त्यावरचं कनेक्शन खोलीवर येत नाही, मात्र ओळखपत्र दाखवून मिळणारा पाच किलोचा छोटा सिलिंडर अशांसाठीच आहे. रेशनचं एक बरं झालं आहे: अन्नसुरक्षा योजनेत नाव असेल तर माणशी पाच किलो धान्य आता देशातल्या कुठल्याही रास्त भाव दुकानात घेता येतं. घरच्यांनी आपला वाटा गावात उचलावा आणि मुलानं आपला कुपवाडला, कार्ड फोडायची गरज नाही. वेगळं राहायचं ठरलं की कार्ड वेगळं काढण्याची घाई करणारे ही सोय विसरतात.

द्राक्षाच्या घरातला महिन्याचा पगार

तासगावचा प्रश्न इतर गावांपेक्षा वेगळा होतो तो द्राक्षामुळं. तास-ए-गणेश या वाणाच्या नावातच तासगाव आहे आणि इथल्या बेदाण्याचे सौदे देशभरच्या व्यापाऱ्यांना माहीत आहेत. बागेचं वर्ष दोन छाटण्यांवर चालतं: एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळ छाटणी. पैसा येतो जानेवारीनंतर. ज्यांचा माल बेदाण्याला जातो त्यांचा आणखी उशिरा. फेब्रुवारी ते एप्रिल शेडवर गेलं तर दिसतं, की तोडलेले घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळीच्या मजल्यांवर पातळ पसरलेले असतात. या पाण्यानं मण्यावरची मेणासारखी पापुद्री फुटते आणि आतलं पाणी लवकर निघून जातं. पंधरवड्यात मणी सुरकुततो, चार किलो द्राक्षाचा किलोभर बेदाणा होतो. मग बायका बसून काड्या निवडतात, रंग वेगळे करतात, आणि माल खोक्यात भरून शीतगृहात जातो. भाव बरा येईपर्यंत तो तिथं थांबू शकतो. घरातलं वाण-सामान मात्र थांबत नाही.

अशा घरात एका मुलाचा तेरा हजारांचा पगार हा रकमेनं लहान, पण स्वभावानं वेगळा पैसा असतो. तो दर महिन्याला येतो. बागेचा पैसा लाखात आला तरी तो सोसायटीच्या कर्जात, औषधवाल्याच्या उधारीत, मजुरीत जातो. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज लागत नाही, म्हणून ते आधी फेडणं शहाणपणाचंच असतं. मग विजेचं बिल, किराणा, मोबाईलचं रिचार्ज, आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या कशावर चालतात? त्या लहान पगारावर. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरसारखा पाऊस लागून बाग गेली, तर सगळं घरच त्यावर चालतं.

म्हणून असा मुलगा बाहेर पडतो तेव्हा दोन अंदाजपत्रकं एकदम बदलतात, आणि हिशोब मात्र एकाचाच केलेला असतो. 'मी घरी तीन हजार पाठवीन' असं तो म्हणतो. त्याच्या हातच्या कामाचा हिशोब मात्र त्यात नसतो. त्याची बायको किंवा आई ज्या महिन्यांत बागेत विरळणीला असते, तेव्हा तो सुट्टीच्या दिवशी औषध फवारायचा, रात्री मोटर चालू करायला जायचा. त्या कामाला आता माणूस लावायचा. द्राक्ष नसलेल्या मजुराच्या घरात हाच प्रश्न उलटा दिसतो. तिथं हंगामात चार जणांची मजुरी येते, पाऊसकाळात हाताला काम कमी, आणि नोकरीवाल्या मुलाचा पगार म्हणजे त्या रिकाम्या महिन्यांवर टाकलेली फळी. दोन्ही घरांत 'पगारातून भाडं वजा' हे गणित अपुरं आहे, कारण पगार कुणाकुणाचा आहे हेच त्यात धरलेलं नाही.

शेवटची गाडी

मग अप-डाउन करत राहणंच बरं का? बऱ्याच जणांसाठी, काही वर्षांपुरतं, हो. एसटीच्या मासिक पासाला वीस दिवसांचं भाडं भरून तीस दिवस प्रवास करता येतो. 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. पासाची रक्कम आणि खोलीचा सगळा खर्च समोरासमोर ठेवला तर पास जवळजवळ नेहमीच जिंकतो. अप-डाउनला कमीपणाचं मानण्याची रीत पडली आहे, ती सोडायला हवी. रोज रात्री घरचं जेवण, बागेवर नजर आणि महिन्याला काही शिल्लक, हे विचारपूर्वक निवडलेलं जगणं असू शकतं.

पण पास कुणाला पुरत नाही, तेही स्पष्ट आहे. दुसरी पाळी रात्री उशिरा सुटते तेव्हा तासगावची शेवटची गाडी गेलेली असते. मग मोटारसायकल येते. तिचा हप्ता, पेट्रोल, आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या हंगामातला रात्रीचा रस्ता येतो. मिरजेच्या दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला तर तोही पर्याय नाही. सावळज, मणेराजुरी किंवा आणखी आतल्या गावांतून आधी तासगाव गाठावं लागणाऱ्याचे दिवसाचे तीन-चार तास रस्त्यात जातात. अशांनी खोलीच्या भाड्यातून पासाचे, पेट्रोलचे आणि त्या तासांत जादा काम करून मिळू शकणारे पैसे वजा करावेत. काहींच्या बाबतीत खोली चक्क स्वस्त ठरते. तेव्हा शेवटच्या गाडीची वेळ ही भाड्याच्या आकड्याआधी विचारायची गोष्ट आहे.

आधी गेलेल्यांची जागा

'असा पै-पैचा हिशोब करत बसलं तर कुणी कधी बाहेर पडलंच नसतं,' हा आक्षेप जोरकस आहे, आणि तो याच मातीतल्या माणसांचं उदाहरण देऊन घेतला जातो. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोने-चांदी गलाईच्या धंद्यात देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत पोचली. केरळ-तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत सराफ पेठांत यांची दुकानं आहेत. खिशात काही नसताना गेली, असं अभिमानानं सांगितलं जातं, आणि ते खरंही आहे. फक्त एक भाग सांगायचा राहतो: ती एकटी गेली नाहीत. पोरगं आधी मामाच्या किंवा चुलत्याच्या किंवा गाववाल्याच्या दुकानात गेलं. राहणं दुकानाच्या माळ्यावर, जेवण सगळ्यांबरोबर, हाताखाली काम, आणि धंदा अंगात मुरल्यावर स्वतःचं दुकान. पहिल्या दोन-चार वर्षांचा भाड्याचा आणि भाकरीचा खर्च आधी गेलेल्यानं उचलला. पुढं त्यानंही मागून आलेल्याचा उचलला.

शिक्षणाचंही तसंच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभं केलं. सातारा-सांगलीची गरीब पोरं घर सोडून शिकू शकली ती तिथं स्वतः राबून, एकत्र रांधून खाता आलं म्हणून. ते चालवताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. घर सोडण्याची किंमत नाहीशी झाली नव्हती; ती कुणीतरी भरत होतं. म्हणून अल्प उत्पन्नात बाहेर पडणाऱ्यानं 'एकट्याची खोली' हे पहिलं पाऊल मानू नये. गावच्या दोघा-तिघांनी मिळून घेतलेली खोली हे वर्गमूळाचं गणित आपल्या बाजूनं फिरवते. तिघांनी मिळून एक गॅस पेटवला की एकट्याची भाकरी पुन्हा स्वस्त होते.

ज्यांना थांबता येत नाही

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. वेगळं राहणं ही सगळ्यांसाठी सोयीची बाब नसते. ज्या सुनेला मार खावा लागतो, ज्या मुलीचं लग्न तिला न विचारता ठरतं आहे, ज्या नवरा-बायकोला जातीबाहेर लग्न केलं म्हणून उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, त्यांना चटणीचा भाव काढायला सांगणं निर्दयपणाचं होईल. त्यांच्यासाठी माझं म्हणणं एवढंच, की हिशोब 'जावं का' यासाठी करू नये, 'गेल्यावर कसं टिकावं' यासाठी करावा. आणि त्यात कायद्यानं मिळणारं धरावं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं बाईला सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी. न्यायालय तिला वेगळ्या जागेचं भाडंही देववू शकतं. त्याच वर्षी हिंदू वारसा कायद्यात झालेल्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतका झाला. 'तुला परवडणार नाही' हे वाक्य पुष्कळदा या हक्कांची आठवण न देता उच्चारलं जातं. सुखरूप घर असलेल्यांनी जपून पाऊल टाकावं आणि नसलेल्यांनी थांबू नये, या दोन सल्ल्यांत मला विसंगती दिसत नाही.

घरात राहून तालीम

बाकीच्यांसाठी एक उपाय आहे आणि त्याला खर्च नाही. घरात राहूनच वेगळं राहून पाहावं. समजा खोलीचं भाडं तीन हजार, मेसचे साडेतीन हजार, वीज-पाणी आणि किरकोळ हजार, गावी येणं-जाणं पाचशे. आकडे ज्याचे त्यानं प्रत्यक्ष विचारून घालावेत, हे फक्त रीत दाखवण्यापुरते. ही आठ हजारांची रक्कम पगाराच्या दिवशीच पोस्टाच्या किंवा बँकेच्या वेगळ्या खात्यात टाकायची. घरी जे देत होतो ते देतच राहायचं, कारण खोली घेतल्यावरही ते द्यावं लागणार आहे. तेरा हजारांत घरचे तीन गेले तर उरतात दोन. त्यात महिना काढायचा आणि त्या खात्याला हात लावायचा नाही.

दोन-तीन महिन्यांत जमलं म्हणून लगेच निर्णय घेऊ नये. तालमीत जून आला पाहिजे. शाळा उघडतात, वह्या-पुस्तकं, धाकट्याची फी, पेरणीचं बियाणं, गळक्या पत्र्यावरचा कागद, सगळं एकाच पंधरवड्यात. बागेवर खर्च चालू आणि उत्पन्न जानेवारीच्या पलीकडं. ज्याच्या घरी तुटवड्याचा महिना दुसरा असेल त्यानं तो धरावा. काहींचा तो भाद्रपदात येतो, जेव्हा गणपती, ऋषिपंचमीचा तासगावचा रथ आणि माहेरवाशिणी एकदम येतात. त्या महिन्यात घरून हाक येतेच आणि ती ऐकावीही लागते. खात्यातली रक्कम त्या हाकेला पुरून पुढच्या महिन्यात परत भरून निघाली, तर खोली परवडते. नाही निघाली, तर निदान घर गमावलेलं नसतं आणि साठलेली रक्कम हाताशी असते. तीच पुढं अनामत म्हणून उपयोगी पडते.

करार मात्र लेखी आणि नोंदणीचाच करावा. अकरा महिन्यांचा असला की नोंदवावा लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नं प्रत्येक असा करार नोंदवणं बंधनकारक केलं असून ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. अनामत परत कधी आणि कशातून वजा करून, हे त्यात उतरवून घ्यावं. लहान पगाराच्या माणसाची वर्षभराची शिल्लक बहुधा त्या अनामतीतच अडकलेली असते.

आणि खोली बघायला रविवारी सकाळी जावं. मालक घरी सापडतो, नळाला पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं ते शेजारच्या बिऱ्हाडाला विचारता येतं, आणि मोरीत बादली भरून ठेवलेली असेल तर न विचारताही कळतं.